उंदराच्या बी पेशी अँटिबॉडी देत नाहीत? आधी या चुका टाळा

कल्चर (प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी) फसलं की लॅबमधली नवी मुलं लगेच सायटोकाइनवर, म्हणजे पेशींना इशारा देणाऱ्या प्रथिनावर, खापर फोडतात. "ताई, आयएल-४ची (हे एक सायटोकाइन) व्हायल खराब आली." बहुतेक वेळा व्हायल बिचारी निर्दोष असते.

सगळ्यात जास्त दिवस ज्या चुकीने खाल्ले, ती आधी सांगते. उंदराच्या प्लीहेतल्या बी पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) एलपीएससोबत (जिवाणूंच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा पदार्थ) आयएल-४ दिलं तर त्या आयजीजी-१ आणि आयजीई या अँटिबॉडींच्या प्रकारांकडे वळतात. इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरं सायटोकाइन दिलं तर आयजीजी-२एकडे, असं पाठ्यपुस्तक सांगतं. आमच्याकडच्या एका मुलीने हेच केलं. एलायझात (अँटिबॉडी रंगावरून मोजायची चाचणी) स्टँडर्डचा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांचा, कर्व्ह अगदी देखणा आला आणि आमच्या नमुन्यांच्या वेलमध्ये (प्लेटमधले खळगे) नुसतं पाणी, पिवळ्याचा मागमूस नाही. तिने इंटरफेरॉनचा डोस वाढवला. पुन्हा शून्य. आणखी वाढवला, तर पेशीच मरायला लागल्या. तीन आठवडे गेले. मीही शहाणी, रोज तिला बफर तपासायला लावत होते.

शेवटी पिंजऱ्यावरचं कार्ड वाचलं: सी५७बीएल/६. या जातीच्या उंदरांत आयजीजी-२एचं जनुकच नसतं, त्याजागी आयजीजी-२सी असतं. आमच्या किटमधली मोनोक्लोनल (एकच लक्ष्य ओळखणारी अँटिबॉडी) ते ओळखत नव्हती. फ्रीझरमधले तेच जुने सुपरनॅटंट (पेशींवरचा द्रव, ज्यात अँटिबॉडी उतरते) आयजीजी-२सीच्या किटवर लावले आणि वेल पिवळेजर्द! पेशी पहिल्या दिवसापासून आपलं काम चोख करत होत्या. तेव्हापासून मी किट मागवण्याआधी उंदराची जात वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. बाल्ब/सी ही जात असेल तर २ए खुशाल मोजा.

दुसरी चूक उतावीळपणाची. दुसऱ्या दिवशी प्लेट बघायची आणि "स्विच होत नाही", म्हणजे अँटिबॉडीचा प्रकार बदलत नाही, म्हणून रडायचं. अरे, आयजीजी-१ दिसायला पेशीचं साधारण तीनदा विभाजन व्हावं लागतं, आयजीईला पाचेकदा. सायटोकाइन दिशा देतं, पण पेशी विभाजनं मोजूनच पुढे जाते. मी सीएफएसईने (दर विभाजनाला निम्मा होणारा रंग) रंगवून बघते आणि चौथ्या दिवसाआधी प्लेटला हात लावू देत नाही.

आयएल-२१ (आणखी एक सायटोकाइन) म्हणजे प्लाझ्मा पेशी (भरपूर अँटिबॉडी सोडणाऱ्या, बी पेशींपासून बनलेल्या पेशी), एवढंच पाठ करून कुणी ते एलपीएसच्या कल्चरमध्ये ओततं. तिथे ते बी पेशींना मारतं. सीडी४०चा (बी पेशीवरचा रिसेप्टर) इशारा सोबत असेल तरच तेच आयएल-२१ ब्लिंप-१ हे नियंत्रक प्रथिन चालू करून पेशीला प्लाझ्मा पेशीच्या वाटेला लावतं. शॉर्टकट म्हणून एलपीएस वापरणाऱ्यांनी हे आधी वाचावं. वाचत नाहीत, तो भाग वेगळा.

बाकीच्या किरकोळ. फ्लोमध्ये (पेशी मार्करवरून मोजणारं यंत्र) नुसत्या बी२२० या बी पेशींच्या मार्करवर गेट लावू नका, म्हणजे फक्त त्यावरून पेशी निवडू नका. प्लाझ्मा पेशी तो मार्कर कमी करतात, त्यांच्यासाठी सीडी१३८ हा मार्कर बघा. माणसाचं आयएल-४ उंदराच्या पेशींना कळत नाही, लेबल वाचा. व्हायल उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. आणि पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका. मी बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या बफरमध्ये दहा-दहा मायक्रोलिटरचे अ‍ॅलिकॉट (एकदाच वापरायचे छोटे वाटे) करते. उरलेला थेंब परत फ्रीझरमध्ये ठेवताना कुणी दिसलं, तर ती ट्यूब मी स्वतः कचऱ्यात टाकते.