जळगावात घर घेताय? नकाशा मे महिन्यात उघडा

बदली होऊन जळगावला आलेलं कुटुंब दोन-तीन महिन्यांत भाड्याच्या घराला कंटाळतं. मग कोणीतरी माझा नंबर देतं, मोबाइलवर नकाशा येतो आणि खाली प्रश्न, "ताई, हा कसा वाटतो?" गेल्या वर्षभरात आलेल्या पाच नकाशांपैकी चारांत मला माझंच पहिलं घर दिसलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी मूळची चिपळूणकडची. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे इथे आले त्याला 19 वर्षं झाली. तेव्हा मोठी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. सहा महिन्यांत आम्ही रो-हाऊस बुक केलं. खाली पार्किंग, हॉल, किचन आणि जिन्याखाली दाटीवाटीने बसवलेला एक संडास. वर दोन बेडरूम. मुलांची खोली पश्चिमेला, तिला मोठी खिडकी आणि बाल्कनी. बिल्डरच्या चित्रात त्या खोलीला आकाशी रंग आणि छताला ढग होते. मी ढगांवर भाळले.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही जिजी म्हणायचो. त्यांनी चष्मा वर करून नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "पश्चिमेले पोरं? भाजून निघतीन ना वो वहिनी." मी हसले. कोकणातल्या बाईला उकाड्याचं काय सांगता, असं मनात. उकाडा आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळायला पहिला मे उजाडावा लागला.

जळगाव 21 अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. त्यामुळे लोक घाबरतात त्या दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा फारसं ऊन लागतच नाही. मार बसतो तो स्लॅबला दिवसभर आणि पश्चिमेच्या भिंतीला तीनपासून मावळेपर्यंत. पश्चिमेचं ऊन तिरकं, सरळ आत घुसणारं, म्हणून छज्जा तिथे काही कामाचा नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की स्लॅब आणि वीट दिवसभर तापतात आणि ती ऊब रात्री आत सोडत बसतात. बाहेर वारा गार झालेला असतो, आणि वरच्या खोलीत मूल अंगावरचा सदरा ओढून काढत असतं.

तीन उन्हाळे, मार्चच्या अखेरीपासून पाऊस पडेपर्यंत, आम्ही चौघं खाली हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. कपडे वर, औषधं वर, आंघोळीची मोरी वर. पोराने अंथरूण ओलं केलं की रात्री दोन वाजता जिना. ताप आला की जिना. पाहुणा हॉलमध्ये झोपला की आम्ही किचनमध्ये. तिसऱ्या वर्षी धाकटा अर्धवट झोपेत माझ्यामागे वर यायला निघाला आणि सहाव्या पायरीवरून खाली आला. हनुवटीला तीन टाके. मग शहाणपण सुचलं आणि पार्किंगला भिंत घालून खोली केली, 2 लाख 40 हजार रुपये घालून. तिला मोरी काढता आली नाही, कारण ड्रेनेजची लाइन घराच्या पलीकडच्या अंगाला. शेवटी घरच विकलं.

तर: खाली एक झोपायची खोली, तिला लागून संडास-मोरी. बाकीचं सगळं तडजोडीचं, हे नाही. "मुलं मोठी झाली की वर झोपतील" हे खरं आहे, पण मुलं मोठी होईपर्यंत तुम्ही त्याच घरात राहणार आहात. बिल्डर म्हणेल, खाली खोली घातली तर हॉल लहान होतो. होऊ द्या. खाली एक खोली घ्या.

फ्लॅट घेणाऱ्यांना हेच दुसऱ्या शब्दांत: सगळ्यात वरचा मजला नको. "वर हवा छान येते," असं सांगतात. येते. मेमध्ये ती भट्टीतून येते. वरचाच मिळत असेल आणि भाव खरंच उतरला असेल तर गच्चीवर पांढऱ्या चिनी टाइलच्या तुकड्यांचा थर आहे का ते बघा, नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुना मारायची तयारी ठेवा. इथल्या जुन्या गावांत धाब्याची घरं अजून दिसतात. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडावर मातीचं छत. त्या लोकांना हे सगळं माहीत होतं. त्यांच्याच नातवांना आता काचेचं एलेव्हेशन आणि दोन मजली उंचीचा हॉल हवा असतो. तसला हॉल कुठल्याही कुलरने गार होत नाही आणि वरच्या कठड्यावरून पोरगं खाली डोकावतं, म्हणून मी तसा नकाशा बघतच नाही.

वास्तूचं बोलणं निघणारच. इथे वास्तुशास्त्र न मानणारा माणूस मला अजून भेटायचाय, आणि मी वाद घालत नाही, कारण ते इथे सोयीचं पडतं. नैऋत्येची खोली घरच्या कर्त्या माणसाची म्हणतात. मेच्या संध्याकाळी पश्चिमेच्या उन्हाने तीही चांगलीच तापलेली असते. द्या की त्याला! मुलांना पूर्वेची किंवा उत्तरेची. सकाळचं ऊन तिथे येऊन निघून जातं. पश्चिमेला जिना, संडास, भांडी-कपड्यांची जागा, कपाटांची भिंत, जे काही माणूस झोपत नाही ते सगळं ढकला. दक्षिणेची खिडकी मात्र बुजवू नका. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि जानेवारीत तिथेच सतरंजीवर बाळ खेळवायला ऊन मिळतं. इथली थंडीही चावते, हे पुण्याहून आलेल्यांना खोटं वाटतं.

पुण्याच्या लोकांचं एकदाचं बोलून टाकते. ते "किती कार्पेट?", म्हणजे घराच्या आत वापरायला जागा किती, एवढं विचारतात आणि गप्प होतात. विचारावंच. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्यानुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. तरी इथे बोलताना सगळी मापं मिसळून सांगतात. पण लहान मुलांच्या घरात चौरस फुटांपेक्षा रिकामी फरशी किती उरते ते बघायचं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग टाकला की खेळायला काय उरलं? मेमध्ये पोरं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरातच असतात. सायकल, क्रिकेट, भांडणं, सगळं आत. हॉल किंवा एखादी खोली लांबट, मोकळी, सावलीच्या बाजूची असेल तर तुमचं डोकं शाबूत राहील. आमच्या कोकणातल्यांना पडवी लागते. ती अवश्य करा, इथे तिला ओटा म्हणतात, आणि संध्याकाळी ओट्यावर बसल्याशिवाय शेजारी तुम्हाला आपलं म्हणत नाहीत.

कुलरची जागा नकाशावरच ठरवा. एसी लावणारे आहात, ठीक. पण मुलं दर पाच मिनिटांनी दार उघडं टाकून बाहेर पळतात आणि गारवा त्यांच्यामागे जातो. कुलर उघड्या दारा-खिडक्यांतच चालतो. समोरून हवा आत आली की मागून बाहेर जायला वाट हवी. नवीन माणूस सगळं बंद करून कुलर लावतो, तासाभरात खोलीत दमट वाफ होते आणि तो म्हणतो, कंपनी वाईट. तेव्हा खिडकीसमोर दार किंवा दुसरी खिडकी आहे का बघा. कुलर खिडकीच्या बाहेर, सावलीच्या बाजूला, स्टँडवर. मुलांचा हात पोचेल असा जमिनीवर नको. पत्र्याच्या कुलरमध्ये शॉक उतरतो आणि ओल्या हाताने पाणी भरताना माणसं जातात. त्या पॉइंटला चांगलं अर्थिंग आणि घराला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, हवाच. हे वायरमनला सांगायचं, "हो" म्हणाला तरी उभं राहून तपासायचं.

सरकत्या काचांच्या खिडक्या अर्ध्याच उघडतात, म्हणजे अर्धीच हवा. पावसाआधीच्या वादळात फटीतून धूळ तर आत येतेच. मी दोन पल्ल्यांच्या उघडणाऱ्या घेतल्या.

आता पाणी. शहराला पाणी वाघूर धरणातून येतं, पण नळ रोज येत नाही. म्हणून प्रत्येक घराला जमिनीखाली टाकी असते, आणि ती बहुतेक पार्किंगमध्ये, नेमकी पोरं खेळतात तिथे. झाकण म्हणजे कधी पत्रा, कधी फुटकी फरशी. नळ आला की झाकण उघडं टाकून बायका-माणसं मोटर लावायला धावतात. मला या घरात दुसरी कशाची भीती वाटली नसेल एवढी त्या भोकाची वाटायची. लोखंडी, कडी-कुलपाचं झाकण, त्याखाली आणखी एक जाळी, आणि टाकीचं तोंड किचनच्या खिडकीतून दिसेल अशा जागी. घर बघायला गेलात की सगळ्यात आधी विचारा, "टाकी कुठे आहे?" आणि झाकण स्वतः उचलून बघा.

जिना. आडव्या स्टीलच्या नळ्यांचे कठडे इथे घरोघरी आहेत, चकचकीत दिसतात. लहान मुलासाठी ती शिडी आहे. उभे गज घ्या, दोन गजांत चार इंचांहून कमी अंतर. गच्चीचा कठडा छातीइतका उंच आणि त्याला लागून कुंडी, टाकीचा चौथरा, बसायचा कट्टा, काही नको. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला सगळेच जातात, तुम्हीही जाल, तेव्हा हे आठवेल. पायऱ्यांना गुळगुळीत ग्रॅनाइट नको. वर आणि खाली दोन्हीकडे छोटं फाटक बसेल एवढी जागा भिंतीत सोडा.

किचन उघडं असावं की बंद, यावर सुना-सासवांची भांडणं ऐकली आहेत. उघड्या किचनमधून पोर दिसतं हे खरं. पण इथला काळा मसाला भाजायला घेतला की ठसका बाहेरच्या ओट्यापर्यंत जातो, आणि हिवाळ्यात भरिताची वांगी निघाली की आठवड्यातून दोनदा वीस माणसांचं भरीत होतं. तुम्ही करणार नाही म्हणाल. शेजारीण येऊन करेल, तुमच्याच अंगणात. पाहुणे इथे कळवून येत नाहीत आणि जेवल्याशिवाय जात नाहीत. मला पहिली दोन वर्षं याचा राग यायचा. नंतर धाकट्याच्या कांजिण्यांत तेच लोक डबे घेऊन उभे राहिले. तर किचनला दार असू द्या, हॉलकडे एक मोठी खिडकी ठेवा आणि मागे बाहेर पडायला दार ठेवा. ओल्या पायांचं पोर, केळीचा घड, वाळवणाची खाट, सगळं मागच्या दाराने येतं-जातं.

प्लॉट घेऊन बांधणार असाल तर काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि कच्च्या पायाची भिंत तिच्यासोबत उघडते. पाया मुरमापर्यंत नेला का आणि प्लिंथखाली, म्हणजे जोत्याखाली, मुरूम भरला का, एवढं इंजिनिअरला विचाराच. कंपाउंडच्या भिंतीला भेग पडेल, ती पडतेच.

कागदपत्रं वकिलाकडून बघून घ्या. शाळा घराजवळची.

घर बघायला बिल्डर सकाळी दहाला बोलावतो. तुम्ही दुपारी चारला जा, एप्रिल-मेमध्ये, मुलांना घेऊन. मुलांच्या म्हणून दाखवलेल्या खोलीत पंखा न लावता वीस मिनिटं दार लोटून बसा. दुसऱ्या घरासाठी मी हेच केलं, आणि तीन घरांतून मुलंच मला ओढून बाहेर घेऊन आली.

शेवटचं एक, जे मी दोन्ही घरांत विसरले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथे झोके बांधतात, माहेरी आलेल्या पोरीबाळी दुपारभर झोक्यावर असतात. अंगणात निंब लावलात तरी झोका पेलणारी फांदी यायला वर्षं लागतात. तेव्हा बांधकाम चालू असेल तर स्लॅब ओतायच्या आधी सळयांना बांधून दोन जाड हुक सोडायला सांगा, हॉलमध्ये, भिंतीपासून पाय लागणार नाहीत इतके आत. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकावर मी पोरं बसवणार नाही. आमच्याकडे बंगई, म्हणजे झोपाळा, अजून लोखंडी स्टँडवर आहे आणि निम्मा हॉल तिनेच अडवलाय.