दूरस्थ दंतसेवेविषयी दंतवैद्यांचा कल कसा मोजावा

दूरस्थ दंतसेवा म्हणजे मोबाइल किंवा इंटरनेटवरून दुरूनच दातांची तपासणी व सल्ला. तिच्याविषयी दंतवैद्यांना ‘दूरस्थ दंतसेवा उपयुक्त आहे का?’ असा एकच ढोबळ प्रश्न विचारू नये, कारण त्याला भिडेखातरही होकार मिळतो. निदानाची अचूकता, रुग्णाची गोपनीयता, त्याचा वाचणारा प्रवास आणि दवाखान्याचा खर्च यांवर स्वतंत्र विधाने लिहून, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशा पाच पायऱ्यांवर (१ ते ५ गुण) उत्तर घ्यावे.

खरा कस शब्दरचनेत लागतो. ‘मोबाइलवरील छायाचित्र पाहून दाढेतली कीड आणि नुसता डाग यांतला फरक मला ओळखता येईल’ हे विधान नेमके आहे. ‘ही सेवा स्वस्त आणि सुरक्षित आहे’ यात मात्र दोन गोष्टी एकत्र आल्याने सहमती नेमकी कशाला मिळाली, हे कळत नाही. काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची ठेवावीत आणि बेरजेपूर्वी त्यांचे गुण फिरवून १ चे ५, २ चे ४ करावेत. हे राहिले तर सगळी बेरीज चुकते.

आधी मोजक्या दंतवैद्यांवर चाचणी घ्यावी. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी कितपत सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा, ०.७ पेक्षा कमी आल्यास विधाने पुन्हा तपासावीत. प्रश्नावली केवळ ऑनलाइन पाठवल्यास तंत्रज्ञानाला सरावलेल्यांचीच मते जास्त येण्याचा धोका असतो, म्हणून कागदी प्रतीही जरूर द्याव्यात.