परदेशी पोलिसांना पत्र लिहायला शिकताना

परदेशी पोलिसांशी पत्रव्यवहार करणाऱ्या पोलीस कक्षात बदली झाली तेव्हा डोक्यात इंटरपोलच्या रेड नोटिसा (फरारी माणूस शोधून ताब्यात घ्या, अशी देशोदेशीच्या पोलिसांना विनंती) आणि विमानतळावर पकडलेले आरोपी होते. पहिले तीन महिने मी नुसती पत्रं लिहिली. त्यातलं पहिलंच परत आलं.

प्रकरण साधं, ऑनलाइन फसवणुकीचं. आरोपीने वापरलेला आयपी पत्ता दुसऱ्या देशातला. मी लिहिलं, ‘सदर आयपी पत्ता 04/05 रोजी रात्री 11.40 वाजता कोण वापरत होते, हे कळवावे ही विनंती.’ तिकडून चारच प्रश्न आले: तारीख 4 मे की 5 एप्रिल? वेळ कुठल्या टाइम झोनची? सोर्स पोर्ट (जोडणी ज्यावरून झाली तो क्रमांक) किती? आणि गुन्हा नेमका काय? आयपी पत्ते अपुरे पडतात म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल तर त्या गर्दीतून एक माणूस वेगळा काढता येत नाही. आमच्या लॉगमध्ये पोर्टचा रकाना होता. बिनकामाचा समजून मीच तो गाळला होता. सुधारलेलं पत्र पोहोचेपर्यंत तिकडच्या कंपनीने जुन्या नोंदी नेहमीप्रमाणे पुसून टाकल्या होत्या. फिर्यादीला हे सांगायला मलाच जावं लागलं.

म्हणून नव्यांना पहिलं सांगणं हेच: आधी नोंदी गोठवून घ्या, मग मागत बसा. सायबर गुन्ह्यांविषयीच्या 2001 च्या बुडापेस्ट करारात याची सोय आहे. करारातल्या प्रत्येक देशाला चोवीस तास उघडा असा एक संपर्क कक्ष ठेवावा लागतो, आणि दुसऱ्या देशाच्या विनंतीवरून जतन केलेला डेटा किमान 60 दिवस सांभाळावा लागतो. जतन करणं म्हणजे देणं नव्हे. तेवढ्या दिवसांत तुमची रीतसर मागणी तिकडे गेली पाहिजे.

रीतसर म्हणजे काय, इथे सगळे घसरतात. पोलिसांनी पोलिसांना कळवलेली गोष्ट माहिती असते. न्यायालयात तिचा पुरावा व्हायला बहुतेक वेळा परस्पर कायदेविषयक साहाय्याच्या, म्हणजे एका सरकारने दुसऱ्या सरकारकडे अधिकृतपणे पुरावा मागण्याच्या वाटेनेच जावं लागतं. ती वाट लांब आहे, कित्येकदा महिनोन् महिने लागतात. बँक व्यवहारांचंही तसंच. एग्मॉन्ट गटात 1995 पासून देशोदेशीचे वित्तीय गुप्तवार्ता कक्ष (संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारे सरकारी कक्ष) एकमेकांना माहिती देतात, पण ती देणाऱ्याची परवानगी न घेता पुढे वापरायची नसते. फाइलवर ‘फक्त तपासाच्या दिशेसाठी’ असा शेरा दिसला तर तो कागद आरोपपत्राला जोडू नका.

मागणीत नुसती कलमं लिहू नका, कृत्य लिहा. तुमचं कलम तिकडच्या वकिलाला शून्य सांगतं. ‘बनावट संकेतस्थळ दाखवून पासवर्ड घेतला आणि खात्यातून पैसे काढले’ एवढं वाचलं की आपल्या कायद्यातही हा गुन्हा आहे का, हे तो पाहू शकतो. अनेक देश ही अट पुरी झाल्याशिवाय हलत नाहीत.

इंटरपोलबद्दलचे गैरसमज लवकर झटका. सदस्य देश 196, मुख्यालय फ्रान्समधल्या लियाँला, पण अटक करत फिरणारे तिचे अधिकारी कुठेच नाहीत. ती प्रत्येक देशातल्या राष्ट्रीय केंद्रांना जोडते. रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय वॉरंट नव्हे. तिला किती वजन द्यायचं हे तो तो देश ठरवतो. शिवाय इंटरपोलच्या स्वतःच्या घटनेतल्या कलम 3 नुसार राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात ती हात घालत नाही. मला विचाराल तर तपासाच्या सुरुवातीला ब्लू नोटीस जास्त उपयोगी: माणूस कोण, कुठे आहे, याची विचारणा. गुन्ह्याची पद्धत कळवणारी पर्पल नोटीस तर फारसं कोणी उघडत नाही, आणि चोरांच्या युक्त्या तिथेच वाचायला मिळतात.

प्रशिक्षणाची वर्गातली व्याख्यानं मी विसरले. लक्षात राहिला तो एक सराव. आम्हाला विनंती पाठवणारा नव्हे, विनंती मिळालेला देश केलं होतं. समोर फाइल: एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं, जन्मतारीख एकाच ठिकाणी, अनुवाद अर्धवट, आणि सहा पानांनंतर कळत होतं की यांना हवंय काय. तासाभरात आमच्या गटाने ती ‘अपूर्ण’ म्हणून परत केली. तेव्हा कुठे माझ्या त्या पहिल्या पत्राचा राग गेला.

संयुक्त तपास पथकाचं, म्हणजे दोन-तीन देशांच्या तपास अधिकाऱ्यांनी मिळून एकाच गुन्ह्याचा तपास करण्याचं प्रशिक्षण मिळत असेल तर सोडू नका. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 2000 च्या पालेर्मो कराराने ही तरतूद जगभरासाठी केली. फ्रान्स आणि नेदरलँड्सने 2020 मध्ये गुन्हेगारांचं एन्क्रोचॅट हे सांकेतिक फोनजाळं फोडलं ते अशाच पथकातून. पथक झालं की प्रत्येक कागदासाठी वेगळी विनंती लिहावी लागत नाही.

आता बाहेरून येणारी पत्रं आधी माझ्याकडे येतात. मागच्या आठवड्यात एक आलं, ‘07/06 च्या रात्रीच्या नोंदी हव्यात’. ‘अपूर्ण’च्या छापील नमुन्याकडे हात गेलाच होता. आधी दोन्ही तारखांच्या नोंदी जतन करायला सांगितल्या आणि मग फोन लावून विचारलं, सात जून की सहा जुलै?