प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही: उपकरण आणि सॉकेट कसं जुळवावं

लॅपटॉपच्या कडेवर मनगट टेकलं की मुंग्या चालल्यासारख्या बारीक झिणझिण्या यायच्या, हात उचलला की थांबायच्या. बॅटरी भरत होती, स्क्रीनवर सगळं ठीक होतं, म्हणून परक्या देशातले पहिले दोन दिवस मी तिकडे लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीतला अडॅप्टर काढून उजेडात धरला. चार्जरच्या वायरला तीन पिना, अडॅप्टरच्या तोंडालाही तीन भोकं, पण मागच्या बाजूला पिना दोनच. अर्थिंगची, म्हणजे भरकटलेला करंट जमिनीत नेणारी, वाट अडॅप्टरच्या पोटातच संपत होती.

प्लग आत गेला आणि उपकरण चालू झालं की आपण जुळलं असं धरून चालतो. खरं तर ही जुळणी चार गोष्टींची असते: व्होल्टेज, अँपिअर, अर्थिंग आणि आकार. आकार डोळ्यांना आधी दिसतो, पण तो तपासायचा सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या मी मुद्दाम त्याच क्रमानं लावल्या आहेत.

पायरी १: भिंतीकडे नको, आधी उपकरणाकडे बघा

चार्जर उलटा करा. बारीक अक्षरांत 'इनपुट' अशी ओळ सापडेल. तिथे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल, तर व्होल्टेजची काळजी मिटली. ते उपकरण जगात कुठल्याही घरगुती लाइनवर चालेल. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजचे बहुतेक चार्जर असेच असतात. खालची 'आउटपुट'ची ओळ या कामाला लागत नाही, ती बॅटरीकडे जाणाऱ्या करंटची असते.

त्या ओळीत एकच आकडा असेल, नुसते १२० किंवा नुसते २३० व्होल्ट, तर तिथेच थांबा. असे आकडे बहुधा केस वाळवायचा ड्रायर, इस्त्री, पाणी उकळायची किटली अशा तापणाऱ्या वस्तूंवर दिसतात. १२० व्होल्टसाठी बनवलेली १००० वॅटची किटली २३० व्होल्टवर लावली, तर ती सुमारे ३७०० वॅट ओढायला बघते. काही क्षणांत कॉइल जळते, नाहीतर फ्यूज उडतो. उलट २३० व्होल्टची १००० वॅटची किटली १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॅटची उरते. धोका नाही, पण पाणी उकळायची वाट बघत बसावं लागतं. व्होल्टेज दुप्पट झालं की तापणाऱ्या कॉइलची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणून फरक एवढा मोठा पडतो.

हर्ट्झ म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला किती आवर्तनं होतात, तो आकडा. तो बहुतेक वेळा सोडून दिला तरी चालतं. ज्या वस्तूतली मोटर लाइनच्या हर्ट्झवर चाल धरते, तिथे मात्र बघावा लागतो. ५० हर्ट्झसाठी बनवलेलं तसलं भिंतीवरचं घड्याळ ६० हर्ट्झवर दर तासाला १२ मिनिटं पुढे पळतं.

पायरी २: जिथे लावायचंय तिथलं व्होल्टेज नावानिशी शोधा

अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. युरोपात, भारतात आणि ऑस्ट्रेलियात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. तिथे एकाच देशात टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६०. ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ व्होल्ट, काही भागांत २२०, म्हणून तिथे देशाचं नाव पुरत नाही, शहराचं नाव घेऊन विचारावं लागतं.

सॉकेटच्या आकारावरून व्होल्टेज ओळखायला जाऊ नका. माझ्या मते सगळ्यात जास्त उपकरणं इथेच जळतात. फिलिपिन्समधलं सॉकेट अमेरिकेसारखंच दिसतं, दोन चपट्या खाचा, अमेरिकन प्लग अलगद आत जातो. पण मागे लाइन २२० ते २३० व्होल्टची असते. चीनमध्येही चपट्या दोन पिना घेणारी सॉकेट्स सर्रास दिसतात आणि तिथे २२० व्होल्ट आहेत. प्लग अडला नाही म्हणून माणूस बिनधास्त स्विच दाबतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. ते बदलायला कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्यावरचा वॅटचा आकडा उपकरणाच्या वॅटपेक्षा मोठा असावा लागतो. १५०० वॅटच्या ड्रायरसाठी ट्रान्सफॉर्मर शोधलात तर ड्रायरपेक्षा तोच जड भरेल. तापणारी वस्तू एकाच व्होल्टेजची असेल, तर ती सोबत नेऊ नये.

पायरी ३: वॅटला व्होल्टनं भागा

भागाकार केला की अँपिअर मिळतात. २००० वॅटची किटली २३० व्होल्टवर चालवली तर २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ८.७ अँपिअर. आता प्लगची जाडी बघा. भारतातला लहान थ्री-पिन प्लग ६ अँपिअरचा, त्याच्या फेज-न्यूट्रलच्या (करंट आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या) पिना साधारण ५ मिमी जाड. मोठा थ्री-पिन १६ अँपिअरचा, त्याच्या पिना ७ मिमीच्या. जाड पिना, जास्त धातू, जास्त करंट वाहायची ताकद. म्हणून ही किटली लहान सॉकेटात बसूच नये, अशी सोय आकारातच केलेली आहे. मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्जन प्लग हीच सोय मोडतो. किटली चालते, पण ६ अँपिअरच्या सॉकेटातून ८.७ अँपिअर वाहत राहतात, आणि आतल्या वायरचं आवरण हळूहळू कडक होऊन तडकतं.

प्रवासी अडॅप्टरवरही अँपिअरचा आकडा कोरलेला असतो. तोही याच हिशेबात धरा. आकडाच नसेल, तर त्यावर चार्जरपलीकडे काही लावू नका.

पायरी ४: अर्थिंग लागतं का, ते चिन्हावरून ठरवा

उपकरणावर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह दिसलं, तर त्यात दुहेरी इन्सुलेशन आहे. त्याला दोन पिना पुरतात. ते चिन्ह नसेल आणि वायरला तिसरी पिन असेल, तर ती पिन शोभेची नाही. आतली फेजची वायर सुटून धातूच्या अंगाला टेकली, तर करंटला जमिनीत जायला तीच वाट असते. ती वाट असली की फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. नसली की ते धातूचं अंग चालू राहतं आणि पहिला हात लावणारा माणूस वाट होतो.

थ्री-पिन प्लग हातात घेऊन आडवा धरा: अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब दिसेल. आत जाताना ती आधी टेकते, बाहेर येताना शेवटी सुटते. फेज जोडलेला आहे आणि अर्थिंग नाही, असा एक क्षणही मधे येऊ नये म्हणून तिला ती जास्तीची लांबी दिलेली असते.

माझ्या लॅपटॉपच्या झिणझिण्यांचं कारणही हेच. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट धातूच्या अंगापर्यंत पोचतो. अर्थिंग असलं की तो गुपचूप जमिनीत जातो. नसलं की मनगटाला कळतो. तेवढ्यानं इजा होत नाही. पण अर्थिंग तुटलं आहे, हे तो स्पष्ट सांगत असतो.

पायरी ५: आता सॉकेटचा आकार ओळखा

वीज घरांत आली ती दिव्यांसाठी. इतर उपकरणं सुरुवातीला दिव्याच्याच होल्डरमध्ये फिरवून बसवत असत. अमेरिकेत हार्वे हबेल यांनी काढता-घालता येणाऱ्या प्लगचं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं, आणि पुढे प्रत्येक देशानं आपापल्या सोयीनं स्वतःचा आकार ठरवला. १९८६ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं जगासाठी एक समाईक आकार मांडला. तो पुढे ब्राझीलनं थोडे बदल करून आणि दक्षिण आफ्रिकेनं घेतला. बाकीचे आकार वेगळेच राहिले, त्यामुळे आज त्यांच्यासाठी ए पासून ओ पर्यंत पंधरा अक्षरं लक्षात ठेवावी लागतात. पिनांचा आकार बघून सुरुवात केली की ती सोपी होतात.

चपट्या, समांतर दोन पिना म्हणजे 'ए'. त्याखाली अर्थिंगची गोल पिन आली की 'बी'. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको इथे हे चालतात. जपानमध्ये घरांतली बरीचशी सॉकेट्स नुसती 'ए' असतात, त्यामुळे 'बी' प्लग घेऊन गेलेल्याची तिसरी पिन अडते. ती कापून टाकायचा मोह होतो. कापू नका, चौथी पायरी पुन्हा वाचा.

तिरक्या चपट्या पिना, छपरासारख्या एकमेकींकडे झुकलेल्या, तो 'आय': ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन, अर्जेंटिना.

जाड आयताकृती तीन पिना म्हणजे 'जी', ब्रिटनचा. हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया, आयर्लंड इथेही तोच. या प्लगच्या पोटात फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा. ब्रिटनमधल्या घरांत सॉकेट्सची वायर गोल फिरून पुन्हा बोर्डाकडे येते आणि ती सगळी मिळून ३२ अँपिअरची असते. एवढ्या मोठ्या लाइनवर टेबल लॅम्पची बारीक वायर जोडायची, तर तिला स्वतःचा राखणदार हवा, म्हणून फ्यूज प्लगमध्येच आला. या सॉकेटात फेज-न्यूट्रलच्या भोकांवर झडपा असतात. अर्थिंगची लांब पिन आत गेली की त्या उघडतात. टू-पिन प्लग घुसवण्यासाठी तिथे पेन किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसणारे लोक मी पाहिले आहेत. लहान मुलांच्या बोटांसाठी केलेली झडप आपल्याच हातानं उघडून ठेवायची, हे मला बघवत नाही.

तीन गोल पिना त्रिकोणात असल्या तर लहान 'डी', मोठा 'एम'. हे मुळात ब्रिटनचे जुने प्लग. तिथून ते गेले, भारतात दोन्ही राहिले आणि दक्षिण आफ्रिकेत 'एम' राहिला.

बारीक दोन गोल पिनांचा चपटा प्लग तो 'सी', म्हणजे युरोप्लग. पिना ४ मिमीच्या, टोकाशी किंचित एकमेकींकडे वळलेल्या आणि थोड्या लवचिक, म्हणून तो वेगवेगळ्या सॉकेटांत घट्ट धरतो: फ्रान्सच्या 'ई'मध्ये, जर्मनीच्या 'एफ'मध्ये, स्वित्झर्लंडच्या 'जे'मध्ये, डेन्मार्कच्या 'के'मध्ये, इटलीच्या १० अँपिअरच्या 'एल'मध्ये, ब्राझीलच्या 'एन'मध्ये. त्याची मर्यादा फक्त २.५ अँपिअर. भारतातल्या 'डी' सॉकेटातही तो जातो, पण ती भोकं ५ मिमीच्या पिनांसाठी आहेत. सैल बसतो, हलला की चर्र आवाज येतो, ठिणगी पडते.

'ई' आणि 'एफ' लांबून सारखेच दिसतात, दोन्ही १६ अँपिअरचे. फरक अर्थिंगचा. 'ई' सॉकेटातून अर्थिंगची पिन बाहेर डोकावते, 'एफ'मध्ये कडेला वरखाली धातूच्या पट्ट्या असतात. आज मिळणाऱ्या बहुतेक जाड युरोपीय प्लगांना पट्ट्याही असतात आणि त्या पिनेसाठी भोकही, त्यामुळे ते दोन्हीकडे पूर्ण जुळतात. हाच प्लग डेन्मार्कच्या 'के' सॉकेटातही जातो, उपकरण चालतं, पण अर्थिंग जुळत नाही. सगळे आकार घेणाऱ्या 'युनिव्हर्सल' सॉकेटांचंही तसंच. जर्मन प्लगच्या कडेच्या पट्ट्यांना तिथे टेकायला काहीच नसतं.

उरले दोन: इस्रायलचा 'एच' आणि थायलंडचा 'ओ'.

पायरी ६: अडॅप्टरऐवजी वायर बदलता येते का, बघा

लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर, प्रिंटर यांची भिंतीकडे जाणारी वायर उपकरणातून सुटी होते. उपकरणाच्या बाजूचं तोंड जगभर ठरावीक आकारांचं असतं: इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दोन भोकांचं, तीन पाकळ्यांचं, किंवा संगणकाला असतं ते मोठं तीन भोकांचं. त्याच तोंडाची, पण तिथल्या देशाच्या प्लगची वायर घेतली की मधला अडॅप्टर जातो आणि थ्री-पिनमध्ये अर्थिंगही सरळ पोचतं. झिणझिण्यांचा माझा प्रश्न शेवटी अशाच एका वायरनं सुटला.

अडॅप्टरच घ्यायचा असेल तर तो उलटा करून पिना मोजा. तोंडाला अर्थिंगचं भोक असेल, तर मागेही अर्थिंगची पिन किंवा पट्टी हवी.

पायरी ७: लावा, आणि दहा मिनिटांनी हात लावून बघा

स्विच बंद ठेवून प्लग पूर्ण आत ढकला. पिनांचा धातू बाहेर दिसता कामा नये. जड अडॅप्टर स्वतःच्या वजनानं खाली झुकत असेल, तर त्याला एक्स्टेन्शनवर टेबलावर आडवा ठेवा. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवू नका. प्रत्येक सांधा थोडा सैल असतो आणि सैल सांधा तापतो.

दहा मिनिटांनी स्विच बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट लागला तर चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल, पिनांच्या बुडाशी तपकिरी डाग दिसला किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर ते सॉकेट पुन्हा वापरू नका. खोलीतलं दुसरं सॉकेट शोधा, आणि या सॉकेटबद्दल तिथल्या माणसाला सांगून ठेवा.