खळं, प्रभावळ की तेजोवलय? लिहिताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरून टिपलेला, चंद्राभोवती मोठं कडं असलेला फोटो मोबाइलवर फिरू लागला की खाली हमखास ‘चंद्राचं आभामंडल’ असं लिहिलेलं असतं. ही पहिली चूक. त्याला मराठीत खळं म्हणतात. चंद्राला खळं पडतं.

खळं म्हणजे मुळात मळणीची गोल, सारवलेली जागा. मधोमध मेढ, म्हणजे रोवलेला खांब, आणि तिच्याभोवती फिरणारी बैलांची पात. संस्कृत ‘खल’ शब्दाचाही अर्थ हाच. मळणी यंत्रं आली, खळी कमी झाली आणि आकाशातलं खळंही बोलण्यातून मागं पडलं, याचं फार वाईट वाटतं. खळ्याला इंग्रजीत ‘हेलो’ (halo) म्हणतात, त्याचं मूळही पाहण्यासारखं आहे. ग्रीक ‘हालोस’ म्हणजेसुद्धा मळणीची जागा, आणि सूर्यचंद्राभोवतीचं कडंही! इथंच दुसरी चूक होते: ग्रीकांनी शब्द आपल्याकडून नेला, असं ठोकून दिलं जातं. त्याला पुरावा नाही. बैलांच्या मागं गोल फिरलेल्या दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आकाशात तेच दिसलं, एवढं म्हणावं. इंग्रजीतही हा शब्द आधी आकाशातल्या कड्यासाठी आला. संतांच्या डोक्यामागचं वलय हा अर्थ नंतरचा.

प्रत्येक कडं एकच, हा समजही चुकीचा. मोठं खळं उंचावरच्या पातळ ढगांतल्या षट्कोनी हिमस्फटिकांमुळं पडतं. चंद्रापासून ते सुमारे 22 अंशांवर असतं. हात लांब करून पंजा ताणा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढं अंतर भरतं. तांबूस कड आतल्या बाजूला असते. चंद्राला अगदी चिकटलेलं, बाहेरून तांबूस दिसणारं छोटं कडं वेगळं. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळं दिसतं. ‘खळं लांब तर पाऊस जवळ’ असं जुने शेतकरी म्हणतात. दोन्ही कड्यांना एकच मानलं, तर त्यातलं ‘लांब’ कशाला म्हटलंय तेच कळत नाही.

प्रभावळ मात्र आकाशात शोधू नका. ती देवाच्या मूर्तीमागची नक्षीदार कमान, बहुधा वर कीर्तिमुख असलेली. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, ‘तेजोवलय दाखवा’ म्हणालात तर सराफ गोंधळेल, प्रभावळ म्हणा. तेजोवलय किंवा प्रभामंडळ हे चित्रातल्या संतांच्या डोक्यामागच्या प्रकाशाला शोभतं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या बातमीत ‘देवीभोवती तेजोवलय’ लिहिणंही टाळावं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि चरणांपासून वर चढतात. तिथं कडं नसतं, सरळ ऊन असतं.

शेवटची चूक लिहिण्यातली. ‘हेलो’ऐवजी ‘हॅलो’ लिहिलं की वाचणाऱ्याला फोन आठवतो. खळं लिहा, प्रश्नच मिटला.