धोलावीरा बघायचंय? मग रस्त्याच्या फोटोपेक्षा टेकाडाला वेळ द्या

कच्छला जाणारे बरेच जण धोलावीराला खरं तर रोड टू हेवनसाठी जातात, दोन्हीकडे पांढरं रण, गाडी थांबवून फोटो, आणि मग आलोच आहोत तर म्हणून अर्धा तास अवशेष. उलटं करा. रस्ता जाता-येता दिसतोच, साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या हडप्पा शहराला निदान तीन तास द्या.

मुंबईहून ट्रेनने भुज गाठायचं, तिथून गाडी करून खावडामार्गे खदीर बेटावर, धोलावीरा तिथेच आहे. टाकी भुजलाच फुल करा, पाणी-खाऊ सोबत घ्या, मॅप डाउनलोड करून ठेवा कारण वाटेत रेंजचा भरवसा नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. उन्हाळ्यात प्लीज नको, वर सावलीला झाड नाही. शक्यतो गावात मुक्काम करून सकाळी उघडल्या उघडल्या आत जा. पुरातत्त्व खात्याची म्युझियम्स सहसा शुक्रवारी बंद असतात, तो वार टाळा, कारण आधी म्युझियम बघितलं नाही तर बाहेर नुसते दगड दिसतात.

आपल्याला गडांची सवय, त्यामुळे पाय आपोआप बालेकिल्ल्याकडे वळतात. थांबा, आधी पाण्याची टाकी बघा. इथला खरा कमाल प्रकार तोच आहे. शहराच्या उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर, दोन्ही ओढे फक्त पावसाळ्यात वाहणारे, त्यांना बांध घालून पाणी तटाच्या कडेने खोदलेल्या तलावांत वळवलेलं. पूर्वेचा तलाव ७० मीटरहून लांब आहे, आत उतरायला पायऱ्या. दक्षिणेकडचे काही तर थेट कातळात कोरलेत. हे डोक्यात बसलं की मगच वर चढा, म्हणजे बालेकिल्ल्यातली पावसाचं पाणी वाहून नेणारी दगडी गटारं कशासाठी ते लगेच कळतं, नाहीतर लोक त्याला भुयार समजून पुढे जातात 😄

वर उत्तर दरवाज्यात जरा रेंगाळा. घासून गुळगुळीत केलेले खांबांचे दगड बघा. याच दरवाज्याच्या बाजूच्या खोलीत १० मोठ्या अक्षरांचा तो फेमस फलक सापडला, पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांचा, अजून कुणालाही वाचता न आलेला. त्यामुळे कुणी गाइड छातीठोकपणे अर्थ सांगायला लागला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. बाकी गाइड जरूर घ्या, गावातले काही जण खोदकामावर होते, १९९० पासून पुरातत्त्वज्ञ आर. एस. बिश्त यांच्या टीमने इथे बरीच वर्षं उत्खनन केलं, ते किस्से पुस्तकात मिळत नाहीत. दरवाज्यासमोरचं मोठं मैदान ओलांडलं की मधलं नगर, त्याच्यापुढे खालचं नगर, तिथे उरकतं घेतलंत तरी चालेल.

२०२१ ला युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून गर्दी वाढलीय, तेव्हा भिंतींवर चढू नका, आणि पायाखाली खापराचे तुकडे दिसतील ते खिशात घालू नका, पोरांनाही आधीच सांगून ठेवा. वेळ उरला तर जवळच ज्युरासिक काळातल्या लाकडांचे फॉसिल आहेत, तिकडे संध्याकाळी जा.