भजनाच्या ठेक्यावर इलेक्ट्रॉनिक जॅझ

इलेक्ट्रॉनिक जॅझमध्ये नवं काही उरलंय का? उरलंय, पण ते यंत्रात शोधू नका. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ध्वनिफिती कापून-जोडून त्याचा निर्माता टिओ मासेरोने १९६९ मध्येच नवी रचना उभी केली होती. नावीन्य ठेक्यात आहे, आणि त्यासाठी सिंधुदुर्गातल्या भजनाच्या पखवाजासारखं धन नाही.

पखवाजाला दोन माइक लावा, प्रत्येक पुडीपासून वीतभर लांब. दोन्ही एकत्र ऐकताना खर्ज पातळ वाटला, तर दोन लहरी एकमेकींना खातायत. एका माइकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करा. पावसाळ्यात दमट हवेने कातडं सैल पडून स्वर उतरतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवा, दर टेकआधी तपासा. डाव्या पुडीवरची कणीक सुकू देऊ नका, घुमारा तिच्यावरच असतो.

गती मिनिटाला ९६ मात्रा ठेवली की आठ मात्रांचं आवर्तन बरोबर ५ सेकंदांत बसतं. लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तुकडा, समेच्या थापेच्या किंचित आधी कापा, नाहीतर थापेचं टोक तुटून ‘टक्’ ऐकू येतं. क्वांटाइझ, म्हणजे ठोके यंत्राच्या मोजणीला चिकटवणं, १०० टक्के केलंत तर ठेक्याचा झोल मेलाच, ५० पुरे.

पेटीचे सूर हलत नाहीत, म्हणून सिंथेसायझरच तिला जुळवा. काळी एकला, म्हणजे सी शार्पला, डी शार्प मायनर सेव्हन आणि जी शार्प सेव्हन हे कॉर्ड दोन-दोन मात्रा, मग सी शार्प मेजर सेव्हन चार मात्रा. थेट वाजवताना ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवा. ५१२ वर सूर सुमारे ११ मिलिसेकंद मागे पडतो आणि बोटांना ते लगेच कळतं.